डाव्या पंखावर लाल

जुन्या सेसना १७२ विमानाच्या पंखाच्या टोकावरचा दिवा उघडला की आत पंचवीसेक वॅटचा साधा तारेचा बल्ब दिसतो. अशा बऱ्याच बल्बांचं बूड मोटारीच्या बल्बसारखंच असतं. त्यामुळे इंजिनाच्या थरथरीने तार तुटली की गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून एलईडी आणून बसवावा, असं मालकाच्या मनात येतंच. तो बसतो, लागतोही, आणि तरी रात्री त्याच्या भरवशावर उडणं बेकायदा ठरू शकतं. कायदा नुसत्या बल्बकडे बघत नाही. ठरावीक रंगाचा उजेड, ठरावीक कोनात, ठरावीक तीव्रतेने पडतो की नाही, हे तो बघतो; म्हणून मंजुरी असते ती बल्ब, आरसा आणि काच या सगळ्या जुळणीला. हा हट्ट कुठला, हे शोधत मागे गेलं की आपण विमानतळावरून थेट बंदरात पोचतो.

शिडाचं जहाज कुठे जाऊ शकेल याचा अंदाज वाऱ्यावरून बांधता येई. आगबोट वाऱ्याला जुमानत नाही. रात्री समोर नुसता एक पांढरा कंदील दिसला तर ती येतेय की जातेय, काही कळायचं नाही, आणि टकरी होत. ब्रिटिश नौदल खात्याने १८४८मध्ये आगबोटींसाठी नियम घातला : डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, डोलकाठीवर पांढरा. हे दिवे वाट उजळण्यासाठी नव्हतेच. आपण कुठे तोंड करून आहोत, हे दुसऱ्याला सांगण्यासाठी होते.

यातलं तर्कशास्त्र मला फार आवडतं. उजवीकडून कुणी आपली वाट कापत येत असेल तर त्याची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणजे आपल्याला लाल दिसतो. थांबायचं आपणच, कारण उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम. त्याच क्षणी त्याला आपली उजवी बाजू, म्हणजे हिरवा दिसतो. एका शब्दाची देवाणघेवाण न होता दोघांना आपापला हुकूम मिळतो. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर मात्र तो समोरून आपल्यावरच येतोय. बारामतीला किंवा गोंदियाला विमान शिकणारी मुलं आजही हेच पाठ करतात.

जहाजाच्या बाजूचा दिवा नाकासमोरून मागे बरोबर ११२.५ अंशांपर्यंत दिसायला हवा. हा विचित्र आकडा होकायंत्रातून आला. खलाशी वर्तुळाचे बत्तीस भाग करत. त्यातले दहा भाग म्हणजे ११२.५. मागचा पांढरा दिवा उरलेले १३५ अंश भरून काढतो. विमानांना हे दिवे वारशाने मिळाले. १३ ऑक्टोबर १९१९ला पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या परिशिष्टात दिव्यांचे नियम घातले गेले, आणि रंग जहाजांचेच राहिले. आजच्या नियमात विमानाचे कोन दोन्ही बाजूंना ११०-११० आणि शेपटीला १४० आहेत. अडीच अंशांची काटछाट, बाकी सगळं आगबोटीचं.

रंगांचं मूळ आणखी खोल आहे. रॉकेलची ज्योत पिवळी. साध्या हिरव्या काचेमागे ती ठेवली तर दुरून पिवळटच दिसते. म्हणून सिग्नलची हिरवी काच मुद्दाम निळसर करावी लागे. पिवळा रंग ती गाळून टाकी. अमेरिकेत कॉर्निंगच्या काचकारखान्यातल्या विल्यम चर्चिल या संशोधकाने (पंतप्रधान चर्चिल वेगळे) विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रेल्वे सिग्नलच्या काचांच्या छटांचं मोजमाप केलं. विजेच्या बल्बची तारही पिवळसरच जळते, तेव्हा निळसर काच विमानावरही टिकली. बंद दिव्याची ती काच दिवसा पाहिली तर हिरवीपेक्षा निळीकडे झुकलेली वाटते.

छोट्या विमानांवर हे दिवे घरोघरी पोचवले ते ओहायोतल्या अर्बाना गावच्या वॉरन ग्राइम्सने. त्याने फोर्डच्या तीन इंजिनी विमानासाठीही दिवा बनवला होता. पुढे फिरता लाल दिवा आला, मग झेनॉनच्या नळीचा पांढरा लखलखाट आला. टक्कर टाळण्याचं काम त्यांनी घेतलं आणि रंगीत दिवे दिशा सांगत राहिले. अमेरिकी नियमांत त्यांची किमान तीव्रता थेट समोर ४० कॅन्डेला आणि वीस अंशांपलीकडे बाजूला अवघी ५ होती. शहराच्या झगमगाटावर पाच कॅन्डेला म्हणजे काहीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एलईडी. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याकने १९६२मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार केला. म्हणजे डाव्या पंखाच्या दिव्याचं बी तेव्हाच रुजलं होतं. उजवा पंख तीस वर्षं खोळंबला. तेजस्वी निळा एलईडी शुजी नाकामुरांनी जपानच्या निचिया कंपनीत १९९३मध्ये साधला, आणि झगझगीत हिरवा त्याच पदार्थातून त्यानंतर निघाला. पांढरा एलईडी म्हणजे निळाच, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला. शेपटीसुद्धा नाकामुरांचीच वाट बघत होती.

दुकानातल्या बल्बची फसगत इथेच आहे. पांढऱ्या एलईडीत लाल रंग थोडा, निळा भरपूर. जुन्या लाल काचेमागे तो मंद पडतो. निळसर हिरव्या काचेमागे ठेवला तर उजेड निळाच होऊ लागतो, कारण जो पिवळा गाळण्यासाठी काच निळी केली तो आता मुळात कमीच. म्हणून नवे मंजूर दिवे लालच्या जागी लाल आणि हिरव्याच्या जागी हिरवा एलईडी वापरतात. काच पुष्कळदा बिनरंगी असते. विझलेल्या दिव्याकडे बघून तो कुठल्या पंखाचा हे चटकन कळतही नाही.

फायदा खरा आहे. तीन तारेचे बल्ब बारा व्होल्टच्या यंत्रणेतून सहाएक अँपिअर ओढतात. एलईडी त्याच्या लहानशा हिश्शात भागवतात, थरथरीला दाद देत नाहीत, दिवसाही चालू ठेवता येतात. पण त्यांचे दोष नवे आहेत. आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट निष्काळजीपणे बनवलेलं असेल तर दिवा लावताच रेडिओत खरखर सुरू होते. तारेचा बल्ब मेला की मेला, कुणालाही दिसतं. एलईडी वर्षानुवर्षं हळूहळू म्हातारा होतो आणि तीव्रता नियमाखाली कधी गेली ते डोळ्यांना कळत नाही. २००९मध्ये अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाने आणखी एक इशारा दिला : मनोऱ्यांवरचे काही लाल एलईडी रात्रदृष्टीच्या चष्म्यांतून दिसतच नाहीत. तारेचा बल्ब भरपूर अवरक्त किरण फेकायचा, चष्मा त्यांवर चालायचा. एलईडी ती उधळपट्टी करत नाही.

या वंशावळीतला सर्वांत ताजा सदस्य तर धड दिवाही नाही. २ जानेवारी २०२०पासून अमेरिकेतल्या बऱ्याच नियंत्रित आकाशात विमानाने आपलं स्थान रेडिओवरून सतत प्रक्षेपित करणं सक्तीचं झालं. यूएव्हिऑनिक्स कंपनीने हे काम करणारं यंत्र डाव्या पंखाच्या दिव्यातच बसवलं. जुना दिवा काढायचा, त्याच्याच वायरींना नवा जोडायचा. आत उपग्रहावरून स्थान घेणारं जीपीएस, रेडिओ प्रक्षेपक, पांढरा लखलखाट, आणि नियमाप्रमाणे एक लाल एलईडी.