बाहुल्यांनी दिलेली साक्ष

वर्णद्वेष मुलांना कोणी मुद्दाम शिकवावा लागत नाही. घर, रस्ता आणि शाळा यांतून तो त्यांच्या मनात नकळत झिरपतो. अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास केलेल्या चाचणीत हे प्रकर्षाने दिसून आले.

तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवण्यात आल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी. त्वचा व केसांचा रंग सोडल्यास सर्व सारख्या. 'खेळायला कोणती हवी?' या प्रश्नावर ६७ टक्के मुलांनी गोरी बाहुली निवडली. ५९ टक्के मुलांना तपकिरी बाहुली 'वाईट' वाटली. 'तुझ्यासारखी कोणती?' हा प्रश्न मात्र शेवटी विचारला जाई. नुकतेच जिला नाकारले, तिच्यातच स्वतःला ओळखण्याची वेळ येताच काही मुलांना रडू कोसळले.

त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या व काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी एकमताने घटनाबाह्य ठरवली. वेगळे ठेवल्याने मुलांच्या मनात न्यूनत्वाची भावना रुजते, असे न्यायालयाने नमूद केले आणि तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा दाखला दिला.

तथापि या चाचणीचा एक निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. उत्तरेकडील मॅसॅच्युसेट्समध्ये मिश्र शाळांत शिकणाऱ्या मुलांनीही गोरी बाहुलीच पसंत केली. किंबहुना दक्षिणेतील मुलांपेक्षा काहीशी अधिक प्रमाणात. म्हणजेच हा धडा केवळ शाळेत मिळत नव्हता.

भेदाचा परिणाम वरचढ ठरणाऱ्या मुलांवरही होतो. मार्टिन ल्युथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आयोवा राज्यातील शिक्षिका जेन एलियट यांनी तिसरीच्या वर्गातील गोऱ्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका रंगाच्या डोळ्यांची मुले श्रेष्ठ ठरवताच त्यांच्यातील काही जण उद्दामपणे वागू लागले, तर दुसऱ्या रंगाच्या डोळ्यांची मुले अभ्यासातही चाचपडू लागली. पुढे भूमिका उलटवल्या, तेव्हा वागणेही उलटले.

कायदा शाळेचे दार उघडू शकतो. मुलांच्या कानांवर रोज काय पडते, हे मात्र मोठ्यांच्याच हाती असते.