सुरांची लेखी आज्ञा : मिडी फाइल आणि कीबोर्ड वर्कस्टेशन

१/
१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या वादकाची एक ध्वनिमुद्रिका निघाली. दहा राग, त्यांच्याखाली डिस्कोचा ठेका, आणि साधने तीन : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. तिन्ही रोलँड या एकाच जपानी कंपनीची. हा तपशील लक्षात ठेवावा. त्या काळी एका कंपनीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी लयीत चालेल याची शाश्वती नव्हती. रोलँडची तालयंत्रे एका मात्रेला २४ स्पंद पाठवीत, कॉर्गची ४८. तार जोडली तरी एक यंत्र दुप्पट धावायचे किंवा निम्म्यावर रेंगाळायचे.

आजचा धागा या बेबनावावर निघालेल्या तोडग्याचा, आणि त्यातून जन्मलेल्या एका अगदी लहान फाइलचा.

२/
कॅलिफोर्नियातील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीच्या डेव्ह स्मिथ यांनी १९८१ साली चेट वुड यांच्यासह एका समाईक जोडणीची कल्पना निबंधरूपाने मांडली. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी त्याच विचारात होते. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्य-व्यापार प्रदर्शनात सिक्वेन्शियलचे प्रॉफेट-६०० आणि रोलँडचे ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसरे वाजू लागले. त्याच वर्षी ‘मिडी’चे नियम प्रसिद्ध झाले आणि ते वापरण्यासाठी कोणाकडूनही स्वामित्वशुल्क घेतले गेले नाही. या कामासाठी २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी यांना तांत्रिक ग्रॅमी मिळाला. प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या प्रमुखांनी मिळून केलेले हे काम, आणि तेही फुकट. व्यापाराच्या इतिहासात असे प्रसंग विरळाच.

३/
त्या तारेतून आवाज जात नाही, हे अनेकांना आजही खरे वाटत नाही. जाते ती आज्ञा : अमुक चॅनेलवर, अमुक क्रमांकाची पट्टी, इतक्या जोराने. तीन बाइट, बस्स. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने त्यांना एक मिलिसेकंदही पुरतो. चॅनेल १६, पट्टीचे क्रमांक ० ते १२७, जोराचे मापही जास्तीत जास्त १२७.

आपल्याकडे या कल्पनेचे नाते ग्रामोफोनच्या तबकडीपेक्षा भातखंडे यांच्या स्वरलिपीशी अधिक जवळचे आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी लिहिल्या, तेव्हा कागदावर गळा उतरला नव्हता. उतरले होते ते स्वर, मात्रा आणि खुणा. वाचणाऱ्याने गायचे होते. मिडीमध्ये वाचणारा यंत्र असतो, आणि लिहिलेले नाही ते तो स्वतःहून समजून घेत नाही.

४/
१९८६ चे एन्सॉनिकचे ईएसक्यू-१ आणि १९८८ चे कॉर्गचे एम-१ यांनी वादकाचे घर बदलून टाकले. पट्ट्या, वाद्यांचे आवाज आणि ते क्रमाने नोंदवून पुन्हा वाजवणारा आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर, सारे एकाच पेटीत. अशा पेटीला ‘वर्कस्टेशन’ म्हणू लागले. मात्र प्रत्येक पेटीची लिपी वेगळी होती. एकीत रचलेले गाणे दुसरीला वाचता येत नसे. तारेवरचा बेबनाव मिटला होता, तो आता स्मृतीत येऊन बसला.

५/
त्यावरचा उतारा ओप्कोड या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने काढला आणि १९८८ साली तो प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. हीच प्रमाण मिडी फाइल. तिचा मथळा अवघ्या १४ बाइटांचा. त्यात फाइलचा प्रकार, ट्रॅकची संख्या आणि एका मात्रेचे किती ‘टिक’ हे सांगितलेले असते. पुढे फक्त घटना, आणि प्रत्येक घटनेआधी एक आकडा : मागच्या घटनेनंतर किती टिक थांबायचे.

या आकड्यात संपादकाची सगळी कसोटी आहे. काळ येथे घड्याळासारखा लिहिलेला नाही, तो अंतरांनी लिहिलेला आहे. फाइलमधली एक घटना हाताने खोडली आणि तिच्या आधीचे थांबणे पुढच्या घटनेत मिळवले नाही, तर त्या ट्रॅकचे पुढचे सारे गाणे तेवढे अलीकडे सरकते. पट्टी सोडल्याची आज्ञा चुकून खोडली गेली, तर तो सूर अडकून पडतो. पूर्वी चांगले संपादन-सॉफ्टवेअर हा हिशेब आपोआप करी, आजही करते. पण तो होतो आहे हे वादकाला ठाऊक असावे.

६/
संगणकावर तयार केलेली फाइल वर्कस्टेशनला देण्याआधी तिची तयारी करावी लागे. संगणकावरची फाइल बहुधा ‘प्रकार १’ची, म्हणजे प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा. अनेक पेट्यांना ‘प्रकार ०’ अधिक मानवे, म्हणजे सर्व चॅनेल एकाच ट्रॅकमध्ये विणलेली. मग टिकांचा प्रश्न. फाइलमध्ये मात्रेचे ४८० टिक आणि पेटीत ९६, तर पाच टिकांचा एक होतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पेटीचा एक टिक सुमारे ५ मिलिसेकंदांचा. किंचित मागे रेलून वाजवलेला हात त्या जाळीत बसवला जातो आणि त्यातली बारीक डौलदार ढील निघून जाते. कान तयार असलेल्याला ते कळते.

पहिला आवर्त रिकामा ठेवून त्यातच वाद्यनिवड, आवाजाची पातळी, डावी-उजवी बाजू या आज्ञा पेरायच्या, हीही त्या काळची शहाणी रीत. वाद्यांची पेढी आधी, वाद्याचा क्रमांक नंतर, हा क्रम पाळावा लागे. सगळ्या आज्ञा पहिल्याच सुराच्या क्षणी कोंबल्या, तर तो सूर भलत्याच वाद्यावर उमटे.

७/
१९९१ साली ‘जनरल मिडी’ आले. त्याने १२८ वाद्यांना ठरलेले क्रमांक दिले आणि तालवाद्यांना १० वे चॅनेल. त्या यादीत सतार १०५ वी, सनई ११२ वी. गंमत अशी की यादी १ पासून मोजते आणि फाइल ० पासून. फाइलमध्ये सतार १०४ म्हणून लिहिली जाते. थेट बाइट बदलणाऱ्याने तेथे १०५ लिहिले की सतारीच्या जागी बँजो वाजतो. आणि तबला? तो १२८ मध्ये नाही, दहाव्या चॅनेलवरच्या तालवाद्यांतही नाही. यादी कोणत्या देशांत, कोणाच्या गरजेतून बनली ते एवढ्यावरून उमगावे.

८/
खरी अडचण मात्र यादीत नाही, पट्टीत आहे. मिडीने सुराची कल्पना पट्टी म्हणून केली : दाबली, सोडली. आपला सूर दोन पट्ट्यांच्या मधून चालतो. भातखंडे यांनी मींडेसाठी स्वरांवर कमान काढली. मिडीकडे त्यासाठी ‘पिच बेंड’ आहे, ० ते १६,३८३, मध्य ८,१९२. आकडे भरपूर वाटतात. पण रूढ पल्ला वर-खाली दोन अर्धस्वरांचाच. सा वरून प पर्यंतची मींड सात अर्धस्वरांची, ती त्यात मावत नाही. मग पल्ला वाढवायचा : नियंत्रक १०१ ला ०, नियंत्रक १०० ला ०, मग नियंत्रक ६ ला १२. आता पल्ला बारा अर्धस्वरांचा, आणि सा पासून प गाठायला बेंड सुमारे १२,९७१ वर न्यावा लागतो.

दुसरी मेख अशी की बेंड एका सुराला लागत नाही, सबंध चॅनेलला लागतो. मुख्य सूर आणि त्याखालची साथ एकाच चॅनेलवर असली, तर मींड घेताना साथही सोबत घसरत जाते. म्हणून मुख्य सुराला स्वतःचे चॅनेल द्यायचे आणि मींड संपताच बेंड ८,१९२ वर परत आणायचा. ते विसरले तर पुढची ओळ बेसूर. शिवाय संथ मींडेचे शेकडो बेंड-संदेश एका तारेवर गर्दी करतात आणि ठेक्याचा ठोका उशिरा पोचतो. ते विरळ करावेत, पण किती? फार विरळ केले की मींडेची शिडी होते. याचे उत्तर कोष्टकात सापडत नाही, ऐकूनच ठरवावे लागते.

९/
प्रत्येक सुराला स्वतंत्र वळण देण्याची अधिकृत सोय २०१८ साली आली. तीत एकेका सुराला वेगळे चॅनेल देण्याची जुनीच युक्ती नियमात बसवली होती. २०२० साली मिडी २.० जाहीर झाले, त्यात हे वळण सुरालाच जोडता येते. मींडेला इतकी वर्षे थांबावे लागले.

१०/
कमी सांगणारी ही फाइल टिकली. १९८८ च्या नियमांनी लिहिलेली फाइल आजचे सॉफ्टवेअर उघडते. त्याच काळातील वर्कस्टेशनच्या स्वतःच्या लिपीत जतन केलेली गाणी मात्र ती पेटी, तिची स्मृतिपट्टी किंवा तिचा फ्लॉपी-ड्राइव्ह चालू असेतोवरच वाजतात. कोणाच्या कपाटात अशी पेटी आणि फ्लॉप्या असतील, तर यंत्र सुरू होते आहे तोवर प्रत्येक गाणे प्रमाण मिडी फाइल म्हणूनही जतन करावे. पेटीत ती सोय नसेल, तर तारेने संगणकाला जोडून गाणे वाजवावे आणि पलीकडे नोंदवून घ्यावे. सोबत कागदावर लिहावे : कोणत्या चॅनेलवर कोणता आवाज, बेंडचा पल्ला किती. फाइलमध्ये वाद्याचा फक्त क्रमांक राहतो. त्या क्रमांकाला त्या पेटीत कोणता आवाज होता, हे ती सांगत नाही.

(धागा समाप्त)