चौकटीत न मावलेली किल्लारी

१/ ‘भूकंप कसा होतो?’ पडद्यावर पाच चौकोन आणि चार बाण. भूपट्ट सरकतात, त्यांच्या सीमा एकमेकींना भिडतात, ताण साठतो, खडक तुटतो, जमीन हादरते. जपानमधील वर्गात ही तयार स्लाइड चालून जाईल. वर्ग औसा तालुक्यातील असेल, तर तिचा एक चौकोन चुकतो आणि एक मुळातच नसतो. ते कोणते, हे पाहण्याआधी स्लाइडचा थोडा इतिहास.

२/ काचेवरील चित्र प्रकाशाने भिंतीवर उमटवणारा ‘जादूचा कंदील’ डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९च्या सुमारास घडवला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने त्याचे खेळ केले. हाताने रंगवलेल्या काचा एकामागून एक सरकत आणि निवेदक कथा सांगे. आधी कथा ठरे, मग तिच्यासाठी काच रंगे.

३/ १९८७ मध्ये पॉवरपॉइंट आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. २००७च्या आवृत्तीने ‘स्मार्टआर्ट’ दिले : प्रक्रिया, चक्र, उतरंड यांच्या तयार आकृत्या. शिक्षकांचे श्रम वाचले, हे मान्य करावेच लागेल. मात्र क्रम उलटला. आता चौकट आधी येते आणि आशय तिच्या मापाने कापला जातो.

४/ याची किंमत किती असू शकते? १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या पंखावर फोमचा तुकडा आदळला. अभियंत्यांच्या स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते. तुकडा १९२० घन इंचांचा, तर चाचणीतील केवळ ३ घन इंचांचा, ही नोंद तळाच्या ओळीत होती. १ फेब्रुवारीला कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडच्या मांडणीवरही बोट ठेवले.

५/ आता औसा तालुका. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली.

६/ किल्लारी भूपट्टाच्या सीमेवर नाही. भारतीय भूपट्ट हिमालयाशी रेटला जातो, तेव्हा त्याच्या अंतर्भागातही ताण साठतो आणि जुन्या भेगा सरकू शकतात. हा झाला चुकलेला चौकोन. तेव्हाच्या अधिकृत नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभाग १ मध्ये होता. २००२ मध्ये तो विभाग ३ मध्ये गेला आणि विभाग १ रद्दच झाला.

७/ नसलेला चौकोन ‘जमीन हादरते’ याच्या पुढचा आहे. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद आणि खाली निजलेली माणसे. बहुतेकांचा जीव घरांनीच घेतला. ही पायरी गाळली, तर भूकंप कसा झाला ते कळते. एवढी माणसे का गेली, ते कळत नाही.

८/ स्लाइड जरूर वापरावी. पण आधी खडूने फळ्यावर प्रक्रिया मांडावी, मग तिला शोभेल अशी आकृती निवडावी. शेवटी एक चौकोन रिकामा ठेवून मुलांना म्हणावे, ‘घरी आजीला विचारून या.’ औसा तालुक्यात तो चौकोन रिकामा राहणार नाही.