पहिल्या वेलांटीचा पेच

ठाण्याहून कल्याणकडे धिम्या लोकलने निघाले की कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली अशी स्थानके लागतात. दिव्याच्या फलाटावर पनवेलच्या गाडीची वाट पाहत असताना पहिलीतला एक मुलगा पाटीवरचे नाव वाचताना आमच्या कानावर पडला. डावीकडून उजवीकडे बोट नेत तो म्हणाला, "इ... द... वा". "नीट बघ रे!" म्हणून आजीने त्याला दटावले. वास्तविक तो नीटच बघत होता. पाटीवर आधी वेलांटी येते, मग द. तोंडाने मात्र आधी द् म्हणायचे आणि मग इ. वरच्या सगळ्या नावांत हा पेच दिवा आणि डोंबिवली या दोनच नावांत आहे.

ही खूण मुळात डावीकडे नव्हती. दिव्याहून वसईला जाणारी गाडी जिथे थांबते, त्याच्या पुढचेच स्थानक नालासोपारा. तेथे सोपाऱ्यात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. अशोककालीन ब्राह्मीत इकाराची खूण व्यंजनाच्या माथ्यावर, उजव्या अंगाला देत. पुढे काही शतकांत तिला बाक आला. ह्रस्व इकाराचा बाक डावीकडे वळला, दीर्घाचा उजवीकडे, आणि खाली उतरत उतरत त्यांच्या उभ्या रेघा झाल्या. दोन खुणा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या दिसू लागल्या, पण त्यांतली एक उच्चाराच्या क्रमातून निसटली.

विसाव्या शतकात छपाई आणि टंकलेखनाच्या सोयीसाठी देवनागरी सुधारण्याचे बरेच प्रयत्न झाले. (सावरकरांची 'अ'ची बाराखडी मराठी वाचकांना ठाऊक असेलच.) १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने पहिली वेलांटीही उजवीकडे न्यावी, फक्त तिची उभी रेघ आखूड ठेवावी, अशी शिफारस केली. १९५७ मध्ये ती मागे घेतली गेली. आमच्या मते ते बरेच झाले. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक केवळ रेघेच्या लांबीवरून ओळखायचा, तोही घाईच्या हस्ताक्षरात! क्रम सुधारला असता, पण ओळख बिघडली असती.

तरी मूळ प्रश्न राहिलाच. या उलट्या क्रमाची वाचणाऱ्याला खरोखर काही किंमत मोजावी लागते का? याचे उत्तर घड्याळाने द्यायचे होते. १८८०च्या दशकात लाइपझिग येथे वुंटच्या प्रयोगशाळेत जेम्स कॅटेलने शब्द व अक्षरे ओळखायला लागणारा वेळ मोजला होता. शब्द डोळ्यांपुढे आल्यापासून तोंडातून आवाज निघेपर्यंतचा काळ आता सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतो. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील बोधनिक मानसशास्त्रज्ञ ज्योत्स्ना वैद आणि दिल्लीच्या अशुम गुप्ता यांनी देवनागरीच्या बाबतीत हेच केले. त्यांचा निबंध २००२ मध्ये 'ब्रेन अँड लँग्वेज' या नियतकालिकात आला. वाचक हिंदीचे होते, पण लिपी आपलीच.

त्यामागचा तर्क पाहण्याजोगा आहे. आपण 'दि' हे अक्षर एकसंध चित्रासारखे उचलत असू, तर वेलांटी डावीकडे आहे की उजवीकडे याने काही फरक पडू नये. पण आत कुठे तरी द् आणि इ यांची फोड होत असेल, तर उलट्या क्रमाच्या शब्दांना वेळ अधिक लागला पाहिजे. तसा तो लागला. मात्र अक्षराचा एकसंधपणा पुसला गेला असेही दिसले नाही. देवनागरीचा वाचक काही अंशी ध्वनी वाचतो आणि काही अंशी अक्षर, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

शिक्षकांनी 'आर्थिक' हा शब्द फळ्यावर लिहून पाहावा. उच्चारात आधी र्, मग थ्, मग इ. डोळ्याला डावीकडून आधी वेलांटी दिसते, मग थ, आणि रफार शेवटी, तोही डोक्यावर. क्रम पुरता उलटा! 'अस्थिर'मध्ये वेलांटी स् च्याही अलीकडे जाऊन बसते. उच्चारात तो स् आदल्या अ ला चिकटलेला असतो. असे शब्द अडखळत वाचणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यायला हवे. 'द ला पहिली वेलांटी दि' ही जुनी घोकणी या कामी फार उपयोगी आहे, कारण तिच्यात व्यंजन आधी येते. ती कंटाळवाणी म्हणून टाकून देणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

यंत्रांनीही या पेचाची दोन उत्तरे दिली. जुन्या टंकलेखन यंत्रावर वेलांटीची कळ आधी दाबावी लागे, कारण कागदावर ती आधी उमटायची. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात आधी द, मग वेलांटी. तिला डावीकडे नेऊन बसवण्याचे काम संगणक करतो. वर्गात मुलांना 'दिवा' लिहायला सांगून, हात आधी कुठे टेकतो ते पाहता येईल. आम्ही स्वतः कागदावर वेलांटी आधी काढतो आणि संगणकावर द आधी दाबतो. दोन्हीकडे अधूनमधून चुकतो.