पन्नाशीनंतरचा सॅक्सोफोन

हिंदी चित्रपटसंगीतावर वाढलेल्या पिढीच्या कानात सॅक्सोफोन रुजला तो प्रामुख्याने मनोहारी सिंग (१९३१-२०१०) यांच्यामुळे. ‘काश्मीर की कली’ (१९६४), ‘आराधना’ (१९६९) या चित्रपटांतील गाणी ऐकताना हे वाद्य आपल्यालाही यावे, असे अनेकांना वाटून गेलेले असते. नोकरी-संसाराच्या धबडग्यात ही इच्छा मागे पडते आणि निवृत्ती जवळ आली की पुन्हा डोके वर काढते. छातीत आता तेवढा दम उरला आहे का, ही त्या वेळची पहिली शंका. प्रत्यक्षात दमापेक्षा ओठ आणि दात यांचाच प्रश्न मोठा असतो.

मूळचे बेल्जियमचे अॅडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिस येथे या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी त्याची गणना काष्ठवाद्यांत होते. कारण नाद निर्माण होतो तो बोरूसारख्या वनस्पतीपासून केलेल्या पातळ पट्टीच्या, म्हणजे रीडच्या, कंपनातून. उशिरा शिकणाऱ्याला एक गोष्ट अनुकूल आहे. क्लॅरिनेटवर वरच्या पट्टीत बोटांची मांडणी बदलते. सॅक्सोफोनवर मात्र अंगठ्याखालची एक कळ दाबली की बहुतांशी त्याच बोटांनी वरचे सप्तक वाजते. त्यामुळे ओळखीची सोपी चाल काही आठवड्यांत निघू शकते.

गोड नाद मात्र लवकर हाती लागत नाही. वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकवायचे, खालचा ओठ दातांवर किंचित दुमडून रीडला आधार द्यायचा आणि ओठांच्या कडा घट्ट मिटायच्या, ही ठेवण स्नायूंना नवीन असते. सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांतच ओठ थकतात. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज थोडा वेळ लांब, स्थिर सूर धरणे हिताचे. प्रौढ शिष्याची खरी अडचण अशी की, त्याचा कान तयार असतो आणि ओठ कच्चे. आपलाच सूर त्याला सहन होत नाही व नेमक्या याच टप्प्यावर वाद्य पेटीत जाते. लहान मुलाला ही लाज नसते.

दात हलू लागले किंवा पुढची कवळी बसली की ही ठेवण नव्याने शोधावी लागते. कवळी असूनही वाजवणारे आहेत. पण ‘निवृत्तीनंतर पाहू’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधीच करावा. काचबिंदू, हर्निया वा उच्च रक्तदाब असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

आरंभासाठी सहसा अल्टो सुचवला जातो. त्याचे वजन सुमारे अडीच किलो, तर टेनरचे साडेतीन किलोच्या आसपास. हा भार गळ्यातील पट्ट्यावर येतो. मानेचे दुखणे असेल तर दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा घ्यावा. पेटीवर वाढलेल्यांचा गोंधळ होतो तो निराळाच: अल्टोवर बोटांनी ‘सी’ धरला की पेटीतील काळी दोन ऐकू येते, टेनरवर काळी पाच. गायक पांढरी एकमध्ये गात असेल, तर अल्टोवाल्याने षड्ज ‘ए’वर धरायचा.

ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षांना वयाची कमाल मर्यादा नाही. परीक्षा नकोच असेल, तर ब्रास बँडमध्ये वाजवणारे वादक किंवा गोव्याच्या परंपरेतले संगीतकार हेही उत्तम गुरू ठरू शकतात. शास्त्रीय संगीताकडे ओढा असणाऱ्यांनी कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांचे कर्नाटक शैलीतील वादन अवश्य ऐकावे. या परदेशी वाद्यातून गमक कसे निघतात ते तेथे कळते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शेजाऱ्यांचा विचार करावाच लागतो. कर्ण्यात कापड कोंबून फारसा उपयोग होत नाही, कारण नाद उघड्या छिद्रांतूनही बाहेर पडतो. कपड्यांनी भरलेल्या कपाटाकडे तोंड करून वाजवणे त्यातल्या त्यात बरे. वाजवून झाल्यावर रीड काढून पुसावी, नळी आतून कोरडी करावी. पावसाळ्यात तर याला पर्याय नाही, अन्यथा छिद्रांवरील चामडी पॅड खराब होतात. जुने वाद्य विकत घेताना हीच पॅड जाणकाराकडून तपासून घ्यावीत. ती गळत असतील तर खालचे सूर निघतच नाहीत आणि नवशिका उगाच आपल्या वयाला दोष देत बसतो.