शेत कायद्यात, गिऱ्हाईक कायद्याबाहेर

भाव कोसळला की सरळ म्हटलं जातं, पिकवणाऱ्यांनी जास्त पिकवलं. ऑरेगनच्या गांजाबद्दलही हेच म्हटलं गेलं. मला ते अर्धंच खरं वाटतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या राज्याने नोव्हेंबर २०१४मध्ये जनमताने गांजा कायदेशीर केला. लागवडीच्या परवान्यांच्या संख्येवर मात्र मर्यादा घातली नाही, आणि हे मुद्दाम केलं होतं. दक्षिण ऑरेगनच्या डोंगरदऱ्यांत लोक कित्येक दशकं चोरून गांजा पिकवत होते. दार सताड उघडं ठेवलं तर ते कायद्याच्या आत येतील, असा हिशेब होता.

ते आलेही. २०१८च्या सुरुवातीला राज्याच्या नोंदीत सुमारे १० लाख पौंड, म्हणजे साडेचार लाख किलो माल पडून होता. लोकसंख्या जेमतेम ४० लाखांच्या वर. किरकोळ भाव दोन वर्षांत ग्रॅममागे १० डॉलरवरून ५ डॉलरच्या खाली आला. जून २०१८मध्ये परवान्यांचे नवे अर्ज बाजूला ठेवावे लागले. २०१९च्या सरकारी अहवालाने तर सांगितलं, शिल्लक माल साडेसहा वर्षं पुरेल!

मग आधी हा माल जायचा कुठे? बराचसा राज्याबाहेर. ऑरेगनचं पीक कधीच फक्त ऑरेगनसाठी नव्हतं. नव्या कायद्याने शेत आत घेतलं, पण गिऱ्हाईक बाहेरच राहिलं. शेजारच्या कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर असला, तरी केंद्राच्या १९७०च्या कायद्यामुळे तो सीमेपलीकडे नेणं गुन्हाच. २०१९मध्ये ऑरेगनने इतर राज्यांना माल विकायला मुभा देणारा कायदा करून ठेवला, पण केंद्राच्या होकाराशिवाय तो लागूच होत नाही.

यात मार कुणाला बसला? गाठीशी भांडवल असलेला दोन हंगाम तोटा सोसतो, मालाचा अर्क काढून साठवतो. घरच्या माणसांच्या जिवावर शेती करणाऱ्याला ते जमत नाही. माल राज्याबाहेर झिरपतोय, असा इशारा केंद्राचे तिथले सरकारी वकील बिली विल्यम्स यांनी जानेवारी २०१८मध्येच जाहीरपणे दिला होता.

मला यातली हीच गोष्ट बोचते. ज्यांना चोरबाजारातून बाहेर काढायला परवाने दिले, त्यांच्यापुढे बरा भाव देणारा एकच बाजार उरला. तो म्हणजे जुना चोरबाजार.