चकलीची व्याख्या

चकली म्हणजे काय, हे कधी कोणाला शब्दांत सांगून पाहिले आहे काय? ‘तैलपक्व, कंटकयुक्त, सर्पिलाकृती खाद्यविशेष’ असे सांगणारा पंडित चुकत नाही. पण ज्याने चकली पाहिलीच नाही, तो बिचारा आता एका शब्दाऐवजी चार शब्दांत अडकतो. ‘भाजणीच्या पिठाची, गोल वळून तेलात तळलेली, काटेरी आणि कुरकुरीत’ असे सांगितले की काम भागते. इंग्रजी कोशांची गत पुष्कळ वर्षे त्या पंडितासारखी होती. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात जाळीकामासारख्या साध्या गोष्टीची केलेली व्याख्या आजही थट्टेचा विषय आहे.

आणि मला मौज वाटते ती ही, की परक्या मुलांना सोप्या इंग्रजीत इंग्रजी समजावणाऱ्या कोशांची वाट आशियात शिकवणाऱ्या मास्तरांनी पाडली.

त्यांतले एक मायकेल वेस्ट. ढाका आज बांगलादेशाची राजधानी आहे. वेस्ट तेथे शिक्षणखात्यात होते तेव्हा ते बंगाल प्रांतातले गाव होते. त्यांनी पाहिले, की बहुतेक मुले मध्येच शाळा सोडतात आणि चार वर्षे घोकलेले इंग्रजी त्यांच्या कशाच कामी येत नाही. विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी काही रक्कम हाती पडते, तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. शाळा सोडणाऱ्या पोराच्या पदरात तसे काय पडते, हा प्रश्न त्यांनी १९२६ च्या आपल्या ग्रंथात विचारला. मला तर हा प्रश्न सगळ्या व्याकरणापेक्षा मोठा वाटतो. निदान समोरचे पुस्तक वाचता यावे, म्हणून त्यांनी नवे शब्द बेताने आणि पुनःपुन्हा येतील अशी वाचनमाला रचली. पुढे १९३५ मध्ये, चीनमध्ये काम केलेल्या एन्डिकॉट या मिशनऱ्यांच्या जोडीने, त्यांनी कोश काढला. त्यात सुमारे २४,००० शब्द व वाक्प्रचार अवघ्या १,४९० शब्दांत समजावले आहेत! वाचकहो, पाचपन्नास शब्दांतच घरातली भांडी समजावून पाहा, म्हणजे या कामाचा घाम कळेल. १९७८ च्या लाँगमन कोशाने सुमारे २,००० शब्दांची मर्यादा पाळली, ती याच वाटेने.

पण अर्थ कळला तरी शब्द वाक्यात चालवायचा कसा? आपण खुशाल ‘दोन सल्ले’ देतो. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ असा मोजता येत नाही. प्रतिशब्दाने ही खोच कळत नाही. त्यासाठी वाक्यच हवे. जपानी विद्यार्थ्यांची ही अडचण ए. एस. हॉर्नबी रोज पाहत होते. गेटनबी आणि वेकफील्ड या सहकाऱ्यांसह त्यांनी जो कोश केला, त्यात कोणते नाम मोजावे, कोणते मोजू नये याच्या खुणा होत्या, क्रियापदांचे २५ साचे होते आणि उदाहरणवाक्यांची रेलचेल होती. तो १९४२ मध्ये टोकियोत प्रसिद्ध झाला. इंग्लंड-जपान युद्ध ऐन भरात असताना शत्रूच्या राजधानीत इंग्रजीचा कोश! युद्ध सुरू होताच हॉर्नबी स्वतः स्थानबद्ध झाले होते. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने त्याच पानांची छायाचित्रे घेऊन तो पुन्हा छापला आणि मग तो जगभर गेला. त्याच्या उत्पन्नातून हॉर्नबींनी १९६१ मध्ये न्यास स्थापन केला. देशोदेशीच्या इंग्रजी शिक्षकांना शिकण्यासाठी त्यातून साहाय्य मिळू लागले.